समाजमाध्यमांवरील पेज आणि संस्थेचा वाचकवर्ग : काही मर्यादा

समाजमाध्यमांमुळे संस्थांना अल्प खर्चात लोकांपर्यंत जाता येऊ लागले, हे आपण जाणताच. आता या साधनाच्या मर्यादा पाहू. त्यासाठी आपल्या परिचयाचे एखादे सार्वजनिक ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. त्याने फेसबुकवर पेज उघडले, हजारभर अनुयायी मिळवले आणि सभासदांना व्याख्यानमालेची निमंत्रणपत्रे पाठवणे थांबवले, असे समजा. हा निर्णय योग्य ठरेल का?

पहिली मर्यादा पोहोचण्याची आहे. पेजचा प्रत्येक अनुयायी प्रत्येक निवेदन वाचतोच असे नाही. कोणता मजकूर कोणाला दाखवावा, हे ग्रंथालय नव्हे, तर कंपनीची संगणकीय निवडपद्धती म्हणजेच अल्गोरिदम ठरवतो. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले. त्यामुळे संस्थांच्या पेजवरील मजकूर मागे पडणार, हे उघड होते. तो पुढे आणण्यासाठी जाहिरातीचे पैसे मोजावे लागतात आणि लहान ग्रंथालयाला ते परवडत नाहीत.

दुसरी मर्यादा स्वामित्वाची आहे. पेज संस्थेचे असले, तरी ते ज्या व्यासपीठावर उभे असते ते व्यासपीठ परक्याचे असते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लसची सर्वसामान्यांसाठीची सेवा २ एप्रिल २०१९ रोजी थांबली. जून २०२० मध्ये भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. अशा वेळी तेथे जमलेला वाचकवर्ग संस्थेला जसाच्या तसा अन्यत्र नेता येत नाही. कारण त्याचे पत्ते संस्थेकडे नसतात.

तिसरी मर्यादा संवादाच्या स्वरूपाची आहे. नव्या मजकुराखाली जुना दबत जातो. त्यामुळे वेळापत्रक, वर्गणीचे नियम किंवा ग्रंथसूची यांसारखी कायम लागणारी माहिती तेथे सहज सापडत नाही. शिवाय समाजमाध्यमे न वापरणारे ज्येष्ठ सभासद पूर्णपणे वगळले जातात. बहुधा तेच व्याख्यानमालेचे नियमित श्रोते असतात.

याचा अर्थ पेज निरुपयोगी आहे असा नव्हे. नव्या वाचकाचे लक्ष वेधण्यास ते उपयुक्त आहे. परंतु त्या वाचकाशी टिकाऊ नाते जोडायचे, तर सभासदांची अद्ययावत नोंदवही, दर्शनी सूचनाफलक, पत्र वा दूरध्वनी आणि शक्य असल्यास स्वतःचे संकेतस्थळ यांना पर्याय नाही.

विचार करा : आपल्या गावातील ग्रंथालयाचे पेज उद्या बंद पडले, तर त्याला आपल्या किती सभासदांशी थेट संपर्क साधता येईल?