गाभडलेली गाय, माणसाचा ताप

ब्रुसेलोसिस हा गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि त्यांच्या सहवासातली माणसे यांना होणारा जिवाणूजन्य आजार. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांच्या शरीरात हा जिवाणू शोधला. तो तिथल्या शेळ्यांच्या दुधातून येतो, हे कळायला 1905 साल उजाडले. सैनिकांना कच्चे दूध देणे थांबवल्यावर ताप ओसरला.

उज्जैन आणि भोवतालच्या माळव्यात गोठा बहुधा घराला लागूनच असतो. त्यामुळे गोठ्यातला आजार घरात यायला फारसे अंतर लागत नाही. जनावरातले मुख्य लक्षण म्हणजे गाभणेपणाच्या शेवटच्या महिन्यांत गाय किंवा म्हैस गाभडणे आणि वार अडकणे. गर्भ, वार आणि स्राव यांत जिवाणूंची संख्या प्रचंड असते. खरा धोका याच घडीला असतो. वार उघड्या हातांनी काढणारा पशुपालक, गोठा झाडणारी गृहिणी आणि मदतीला आलेला पशुवैद्य यांना हातावरच्या बारीक जखमांतून, डोळ्यांतून किंवा श्वासातून संसर्ग होतो. घरच्या इतरांना तो कच्च्या दुधातून होऊ शकतो.

माणसात चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे व कंबर दुखणे आणि थकवा अशी लक्षणे दिसतात. त्यामुळे टायफॉइड, मलेरिया किंवा क्षयाची शंका घेतली जाते आणि महिने वाया जातात. घरी गाय गाभडली होती, एवढे रुग्णाने डॉक्टरांना सांगितले तरी निदानाची दिशा बदलू शकते. उपचार साधारण सहा आठवडे, दोन प्रतिजैविके एकत्र देऊन करतात. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो.

बाधित जनावर बहुधा आयुष्यभर बाधितच राहते. अनेक देशांत अशी जनावरे कळपातून काढून मारतात. मध्य प्रदेशात गोवंशहत्येला कायद्याने बंदी असल्याने गाईंच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे, म्हणून लसीकरणाला इथे विशेष महत्त्व आहे. सप्टेंबर 2019 मध्ये मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसचाही समावेश आहे. त्यात 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना आयुष्यात एकदाच लस टोचतात. लसीत जिवंत जिवाणू असल्याने टोचणाऱ्यानेही सुईपासून जपावे लागते.

लसीकरणावर पाणी फिरवणारी गोष्ट म्हणजे गाभडलेले जनावर गुपचूप बाजारात विकणे. नवे जनावर घेताना रक्ततपासणी करावी आणि महिनाभर ते वेगळे बांधावे. गाभडलेला गर्भ व वार हातमोजे घालून उचलावेत, चुना टाकून खोल खड्ड्यात पुरावेत, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत. ती जागा जंतुनाशकाने धुवावी. गरोदर स्त्रियांना या कामापासून दूर ठेवावे.

दुधाचा उपाय सर्वांत सोपा: उकळी आणणे. उज्जैन सहकारी दुग्ध संघाच्या सांची पिशवीतले दूध पाश्चरीकृत असते. घरच्या धारेच्या दुधाला मात्र चुलीचाच आधार. ताजे, धारोष्ण दूध अंगी लागते हा समज जुना असला तरी मुलांना ते देऊ नये. वाफेवर नीट शिजवलेला खरवस खायला हरकत नाही.