दुसऱ्याची नियत आणि आपले माप

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, धंद्यात बुडालेले भांडवल पुन्हा उभे करता येते. तुटलेला माणूस जोडणे कठीण. माझ्या हातून असा एक माणूस तुटता तुटता राहिला. त्याची ही हकीकत.

दापोडीत माझे कापडाचे दुकान आहे. एस.टी.ची कार्यशाळा आणि रेल्वे स्टेशन जवळ, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक कामगारांच्या घरचे. काही वर्षांपूर्वी गणवेशाचे काम आले. नेहमीच्या टेलर मास्टरना मी ४० मीटर कापड मोजून दिले. कपडे शिवून आले, पण हिशेबाने उरायला हवे होते ते एक मीटर कापड आले नाही. गिऱ्हाइकांच्या देखत मी बोलून गेलो, “मास्टर, कापड मारण्याची सवय बरी नव्हे.”

मास्टर शांतपणे म्हणाले, “शेठ, त्याच थानातले कापड शिल्लक आहे ना? दहा मीटर तुम्ही मोजा. मग मी मोजतो.”

मी मोजले. त्यांनी तेच कापड टेबलावर सैल पसरून मोजले. भरले पावणेदहा मीटर. मीटरमागे अडीच सेंटिमीटर कमी, म्हणजे ४० मीटरला पुरे एक मीटर!

कापड ताणून मोजण्याची सवय माझीच होती. हात आपोआप ताणत होता आणि मी त्याला धंद्याची रीत म्हणत होतो. चोरी माझ्या हातात होती आणि मी ती मास्टरच्या पिशवीत शोधत होतो.

कावीळ झालेल्याला जग पिवळे दिसते, असे आपण म्हणतो. मानसशास्त्रात याला ‘प्रक्षेपण’ म्हणतात. फ्रॉइड यांनी १८९०च्या दशकात ही कल्पना मांडली. त्यांची मुलगी ॲना फ्रॉइड यांनी १९३६ च्या ग्रंथात मनाच्या बचावाच्या युक्त्यांमध्ये तिची गणना केली. स्वतःचा जो दोष मनाला कबूल करवत नाही, तो मन दुसऱ्यावर टाकते. हे मुद्दाम केलेले नसते. माणसाला खरोखरच तसे दिसते, म्हणून ते ओळखणे अवघड जाते.

तरी काही खुणा आहेत. नुकसान थोडे आणि संताप फार, ही पहिली. पुरावा हाती नसताना पक्की खात्री वाटणे, ही दुसरी. नोकर, कारागीर, दलाल, सगळ्यांत एकच खोट दिसणे, ही तिसरी. अशा वेळी स्वतःला विचारावे: हेच काम मी कोणत्या नावाने करतो?

याचा अर्थ प्रत्येक संशय खोटा असतो असे नाही. बाजारात फसवणारेही आहेत. पण त्याचा निकाल माप, वही आणि पावती यांनी लावावा, रागाने नव्हे. आणि विचारायचे ते एकांतात विचारावे. बदगुमानी चारचौघांत बोलली गेली की कारागिराची अब्रू जाते, आणि त्याची रोजी अब्रूवरच चालते.

दुसऱ्या दिवशी त्याच गल्ल्यासमोर, लोकांच्या देखत मी मास्टरची माफी मागितली. ते आजही माझे काम करतात. कापड आता टेबलावर सैल ठेवूनच मोजले जाते. मात्र इतक्या वर्षांत ज्या गिऱ्हाइकांना कमी माप गेले, त्यांचे देणे माझ्या कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. ते कसे फेडावे, हा हिशेब अजून सुटलेला नाही.