तबल्याची शाई आणि पियानोतला स्क्रू

कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियल आणि क्वेबेक या दोन शहरांच्या दरम्यान व्हिक्टोरियाव्हिल नावाचे गाव आहे. वस्ती पन्नास हजारांच्या आत, भाषा फ्रेंच. लाकडी सामान आणि बर्फावरच्या हॉकीच्या काठ्या हे तेथील जुने उद्योग. अशा गावात १९८३ साली मिशेल लव्हासर यांच्या पुढाकाराने एक संगीत महोत्सव सुरू झाला. त्याच्या फ्रेंच नावाचा साधा अर्थ ‘आजच्या संगीताचा महोत्सव’. हल्ली तो मे महिन्यात भरतो. २०२० साली साथीमुळे खंड पडला, तरी तो चाळीस वर्षे टिकून आहे.

येथे जे वाजवले जाते त्यातले पुष्कळसे आधी लिहिलेले नसते, पाठ केलेले नसते. वाद्येही नेहमीच्या रीतीने वाजत नाहीत. गिटार टेबलावर आडवी ठेवलेली असते आणि वादक तिच्या तारांवरून ब्रश किंवा साखळी फिरवत असतो. पियानोचे झाकण उघडून कोणी आत वाकलेला असतो. चुकून आत शिरलेल्या माणसाला वाटावे, वाद्यांची दुरुस्ती चालली आहे! यातले सगळेच ऐकवते असे नाही. काही कार्यक्रम कंटाळवाणेही होतात. प्रयोग म्हटला की तो फसण्याची शक्यता आलीच. पण हा गोंगाट की संगीत, हा प्रश्न तेथे खरोखरीच उभा राहतो, आणि तो विज्ञानाचाही प्रश्न आहे.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली याचे एक उत्तर दिले होते. हवेची कंपने ठरावीक काळाने जशीच्या तशी पुन्हा पुन्हा येत राहिली तर कानाला स्वर ऐकू येतो. ती अनियमित असली तर गोंगाट. ताणलेली तार छेडली की ती एकाच प्रकारे कंप पावत नाही. ती सबंध हलते, त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही हलते. सबंध तारेची वारंवारता २०० हर्ट्झ असेल, तर या उपस्वरांच्या वारंवारता ४००, ६००, ८०० अशा येतात. १ : २ : ३ : ४ या सरळ प्रमाणामुळे सगळी कंपने एकमेकांत मिसळून जातात आणि आपल्याला एकच भरदार स्वर ऐकू येतो.

आता हे प्रमाण कोणी मुद्दाम बिघडवले तर? अमेरिकन संगीतकार जॉन केज याने १९४० साली सिॲटल येथे नेमके हेच केले. सिव्हिला फोर्ट या नर्तिकेच्या नाचासाठी त्याला संगीत हवे होते. मनात होता ढोल-झांजांचा ताफा; पण रंगमंच इतका लहान की तेथे एक पियानोच मावत होता. मग पियानोलाच ताफा बनवायचे त्याने ठरवले. तारांवर थाळी ठेवून पाहिली, ती उड्या मारू लागली. खिळा घातला, तो घसरून खाली गेला. अखेर स्क्रू घातला. त्याच्या आट्यांमुळे तो दोन तारांमध्ये पक्का धरून बसला, आणि पट्टी दाबताच घंटेसारखा, काहीसा बोदा आवाज निघाला. प्रयोगशाळेत याहून वेगळे काय करतात?

स्क्रूने काय केले ते पाहू. तारेचे काही बिंदू ठरावीक कंपनांत स्थिर राहतात; त्यांना निस्पंद बिंदू म्हणतात. एखाद्या उपस्वराचा निस्पंद बिंदू नेमका स्क्रूच्या जागी असेल तर तो उपस्वर जवळजवळ जसाच्या तसा राहतो. बाकीच्यांना मात्र स्क्रूचे ओझे घेऊन हलावे लागते, म्हणून त्यांची वारंवारता बदलते. समजा, २०० ची १७० झाली आणि ४०० तशीच राहिली. एकास दोन हे प्रमाण गेले! स्वराचे धागे सुटे झाले. आणि घंटा, थाळी, झांज यांच्या आवाजात असेच सुटे धागे असतात.

येथे आपल्या घरच्या वाद्याकडे वळले पाहिजे, कारण तबल्यात हीच गोष्ट उलट्या बाजूने केलेली आहे. साधे गोल ताणलेले चामडे वाजवले तर त्याचे उपस्वर १ : १.५९ : २.१४ : २.३० अशा वेड्यावाकड्या प्रमाणात येतात. म्हणून बहुतेक ढोलांचा ठोका ऐकू येतो, पण नेमका स्वर सांगता येत नाही. तबल्याच्या पुडीवर मात्र कारागीर शाईचे थरावर थर घासून बसवतो. मध्ये जाड, कडेला पातळ. १९२० साली कलकत्त्याहून चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले की, अशा वाद्यांचे उपस्वर तारेच्या उपस्वरांसारखे सरळ प्रमाणात येतात. म्हणूनच तबला षड्जात लावता येतो. पुढे प्रकाशावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या रामन यांना हा शोध किरकोळ वाटला नाही. १९३४ साली ते पुन्हा याच विषयाकडे वळले.

म्हणजे शाईच्या वजनाने ढोलातला गोंगाट काढून स्वर आणला. स्क्रूच्या वजनाने तारेतला स्वर मोडून घंटानाद आणला. युक्ती एकच, दिशा उलट. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी ओली कणीक थापतात आणि नंतर ती खरवडून काढतात, हे भजनात बसणाऱ्यांनी पाहिलेले असते. केजचे स्क्रूही कार्यक्रम संपला की निघतात.

व्हिक्टोरियाव्हिलला १९८६ साली फ्रेड फ्रिथ हा इंग्रज गिटारवादक आणि क्वेबेकचा रेने लुसिए यांनी एकत्र वादन केले. टेबलावरच्या गिटारीसाठी फ्रिथ प्रसिद्ध आहे. विजेच्या गिटारीत तारेखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅराडेने १८३१ साली शोधलेले तत्त्वच ते. तारेला काय लागले, नखी की ब्रश, याच्याशी चुंबकाला कर्तव्य नाही. तार जशी हलेल तसा आवाज.

शाळेच्या संमेलनात मायक्रोफोन कर्ण्यासमोर गेला की ‘कुंई’ अशी किंकाळी उठते. कर्ण्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये, तेथून पुन्हा कर्ण्यात, असे चक्र सुरू होते आणि प्रत्येक फेरीला आवाज वाढतो. गिटारीचेही तसेच. कर्णा ३.४ मीटर दूर असेल तर आवाजाला यायला एक शतांश सेकंद लागतो. बाकीच्या लहानसहान गोष्टी सोडल्या, तर १००, २००, ३०० हर्ट्झ अशा वारंवारता त्या चक्रात नेमक्या बसतात, आणि ज्या वारंवारतेला तार व खोली साथ देतात ती जिंकते. वादक एक पाऊल मागे सरला की स्वर बदलू शकतो. आपण ज्याला बिघाड म्हणतो त्यावर हे लोक चालत-चालत वाजवतात.

याच महोत्सवात १९८६ साली डेरेक बेली आणि अँथनी ब्रॅक्स्टन यांचे वादन झाले. एकाची गिटार, दुसऱ्याचा सॅक्सोफोन. आपल्याकडे उपज अंगाने गाणारा गायकही आयत्या वेळी रचतो, पण त्याला राग आणि ताल यांची चौकट असते. (बेलीने १९८० साली या कलेवर पुस्तक लिहिले, त्यात भारतीय संगीतालाही जागा दिली आहे.) या दोघांना तशी चौकट नसते. मग जमते कसे? आवाज ऐकून हात हलवायला माणसाला सुमारे ०.१५ सेकंद लागतो. सेकंदाला चार मात्रा अशा द्रुत लयीत एक मात्रा ०.२५ सेकंदाची, म्हणजे अर्ध्याहून अधिक मात्रा नुसती जागे होण्यातच गेली. तेव्हा ऐकले आणि उत्तर दिले, एवढ्याने भागत नाही. दुसरा पुढे काय करील याचा अंदाज सतत बांधावा लागतो, आणि तो चुकला तर चुकलेल्या जागेवरूनच पुढे जावे लागते. तबलजी आणि सतारिये यांच्या सवाल-जवाबात हेच चालते.

स्क्रूचा प्रयोग शाळेत करता येईल. सोनोमीटरची तार छेडून स्वर लक्षात ठेवा. आता तारेच्या बरोबर मध्यावर बोटाचा अलगद स्पर्श करून, पाव लांबीवर तार छेडा आणि बोट लगेच उचला. वरच्या सप्तकातला तोच स्वर ऐकू येईल. मग मध्यावर सोल्डरच्या तारेचे दोन-तीन घट्ट वेढे घाला आणि दोन्ही स्वर पुन्हा काढा. खालचा स्वर उतरलेला असेल, वरचा जवळपास जागच्या जागी असेल. यानंतर वेढे सरकवून तारेच्या एक-तृतीयांश अंतरावर न्या. आता कोणता उपस्वर हलणार नाही? उत्तर आधी वहीत लिहा, मग तार छेडा.