उसने वीर

गेल्या दिवाळींत शेजारच्या एका गृहस्थांनीं माझ्यापुढें आपल्या मुलाविषयीं तक्रार मांडली. "गुरुजी, तुम्हीच याला चार शब्द सांगा. दहावीचें वर्ष, आणि हा संगणकावर मारामारीचीं चित्रें हलवीत बसतो! तींहि स्वतःचीं नव्हेत. दुसऱ्यांच्या खेळांतून उचललेलीं." मुलगा मान खालीं घालून उभा होता. उपदेश करणें हा माझा जन्माचा व्यवसाय. परंतु उपदेशापूर्वीं वस्तु पाहावी, म्हणून मीं त्याला तें चित्र दाखवावयास सांगितलें. त्याच्याकडून आणि पुढें वाचनांतून जें समजलें, तें आज श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

प्रथम हे वीर कोण, तें पाहूं. व्हिडिओ गेमांमध्यें द्वंद्वयुद्धाच्या खेळांची एक वेगळी जात आहे. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकाच्या शक्तीची पट्टी वर दिसते, आणि जिची पट्टी आधीं सरते ती बाजू हरते. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ सालीं निघाला, आणि १९९१ मधील त्याच्या दुसऱ्या भागानें जगभर वेड लावलें. त्यांत धालसिम नांवाचा एक भारतीय योगीहि आहे. तो हातपाय दोरीसारखे लांबवून लढतो. पुढें १९९२ सालीं अमेरिकेंत ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आणि १९९६ सालीं जपानांत टेक्मो कंपनीचा ‘डेड ऑर अलाइव्ह’ हे खेळ निघाले. या खेळांतील प्रत्येक योद्ध्याचा पवित्रा, वेष आणि डावपेंच ठरलेले असतात. जाणता श्रोता दोन स्वरांवरून राग ओळखतो, तसा जाणता मुलगा एका पवित्र्यावरून योद्धा ओळखतो.

अशी ओळख झाली कीं एक प्रश्न आपोआप उभा राहतो : या खेळांतील वीर त्या खेळांतील वीरास भेटला, तर जिंकेल कोण? कंपन्यांनींहि ही उत्सुकता हेरली. एस.एन.के. कंपनीनें १९९४ सालीं आपल्याच निरनिराळ्या खेळांतील योद्धे ‘द किंग ऑफ फायटर्स’मध्यें एकत्र आणले. जेथें कंपन्यांचे करार झाले नाहींत, तेथें चाहत्यांनीं स्वतःच चलत्-चित्रें रचून त्या लढाया लावून दिल्या.

हा प्रकार आपल्याला नवा वाटण्याचें कारण नाहीं. वनपर्वांत भीम सौगंधिक कमळें आणावयास निघतो, तेव्हां वाटेंत शेपूट पसरून कोण पडलेला असतो? रामायणांतील हनुमान! सीता-स्वयंवरानंतर रामास अडविणारे परशुराम महाभारतांत भीष्माशीं युद्ध करतात. एका कथेंतील वीर दुसऱ्या कथेंत आला कीं श्रोता सावरून बसतो, हें आपले कथेकरी पूर्वींपासून जाणत आले आहेत. आपल्या शहरापासून सुमारें पन्नास किलोमीटरवरील पैठणचें नांव ज्या चित्रकथीच्या परंपरेस मिळालें, तिच्यांतहि कथेकरी एकेक चित्र पुढें धरून कथा सांगत असे. चित्रकारानें वीर ओळखूं येईल असा रेखाटावा आणि निवेदकानें त्याच्या मुखीं शब्द घालावे, अशी ती रीत होती.

आतां या नव्या कलेंतील एक नामांकित उदाहरण सांगतों. मॉन्टी ओम हा अमेरिकेंतील तरुण १९८१ सालीं जन्मला. त्याचें शालेय शिक्षणहि पुरें झालें नव्हतें. संगणकावर चित्रांना चालविण्याची विद्या तो स्वतःच शिकला. २००७ सालीं त्यानें ‘डेड फॅन्टसी’ या नांवाची मालिका आरंभिली. तिच्यांत एका बाजूस ‘डेड ऑर अलाइव्ह’मधील कासुमी, आयाने व हितोमी, तर दुसऱ्या बाजूस ‘फायनल फॅन्टसी’ या कथाप्रधान खेळांतील टिफा, युना व रिक्कू अशा योद्ध्या स्त्रिया त्यानें उभ्या केल्या. या दोन्ही खेळांच्या कंपन्या निराळ्या, त्यांतील युद्धाचे नियमहि निराळे. कोणीं सांगितलें नव्हतें, कोणीं वेतन दिलें नव्हतें; तरी लक्षावधि लोकांनीं तें चित्र पाहिलें. मालिका मात्र शेवटास गेली नाहीं.

असलें चित्र हलतें कसें, हेंहि पाहण्यासारखें आहे. पडद्यावर एका सेकंदास साधारणपणें २४ स्थिर चित्रें सरकतात. डोळ्यास तीं सलग भासतात. म्हणजे एका मिनिटास १४४० चित्रें झालीं. संगणकांतील पात्र हें एक प्रकारची कळसूत्री बाहुली असतें. बाहेर त्वचा व वेष, आंत हाडांचा सांगाडा आणि सांध्यासांध्यास दोरी. कलावंत महत्त्वाच्या क्षणांची ठेवण ठरवितो. मधल्या अवस्था संगणक भरून काढतो. परंतु संगणकाची ती भरणी निर्जीव असते. ठोशापूर्वीं खांदा किती मागें जावा, पडतांना शरीराचें ओझें कोणत्या पायावर यावें, हें माणसालाच निरखून दुरुस्त करावें लागतें. शेजारच्या मुलाचें चित्र अवघें चाळीस सेकंदांचें होतें. त्यांतील धालसिमची एक उडी साधण्यास त्याला तीन आठवडे लागले होते.

आतां वडिलांचा दुसरा आक्षेप. वीर परक्याचे, हें खरेंच आहे. हनुमान सर्वांचा आहे. धालसिम एका कंपनीच्या मालकीचा आहे. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेंहि मूळ कृतीवरून रूपांतर करण्याचा हक्क मालकाकडे ठेवला आहे. कंपन्यांची वागणूक सारखी नसते. निन्टेंडो कंपनीनें २०१६ सालीं एका चाहत्यानें अनेक वर्षें खपून नव्यानें रचलेला ‘मेट्रॉइड’ खेळ मागें घ्यावयास लावला. उलट, सिंगापूरच्या एका चाहत्यानें ‘स्ट्रीट फायटर’ आणि ‘मेगा मॅन’ यांचा संगम करून रचलेला खेळ २०१२ सालीं खुद्द कॅपकॉमनें आपल्या नांवानें विनामूल्य प्रसिद्ध केला. तात्पर्य, उसनें घेणारा मालकाच्या मर्जीवर जगतो, आणि उसन्या वस्तूचा बाजार मांडणें तर सर्वथा अयोग्य.

परंतु मॉन्टी ओमची कथा येथें संपत नाहीं. उसन्या वीरांवर गिरविलेला हात पाहूनच त्याला या धंद्यांत काम मिळालें. २०१३ सालीं त्यानें रूस्टर टीथ या संस्थेंत स्वतःची मालिका सुरू केली. तिचें नांव चार इंग्रजी अक्षरांनीं लिहून ‘रूबी’ असें उच्चारतात. तिच्या चार नायिका सर्वस्वी नव्या होत्या. १ फेब्रुवारी २०१५ रोजीं, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं तो निवर्तला. आणि २०१८ सालीं जपानच्या आर्क सिस्टिम वर्क्स कंपनीनें निरनिराळ्या खेळांतील योद्धे एकत्र आणणारा ‘ब्लेझब्लू : क्रॉस टॅग बॅटल’ काढला, तेव्हां त्यांत याच चार नायिकांना रीतसर स्थान दिलें. ज्यानें दुसऱ्यांचे वीर उसने घेतले, त्याचेच वीर आतां दुसरे मागूं लागले होते.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलानें इतिहासाच्या वहीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत दोन मल्ल काढले होते. पानें भरभर सोडलीं कीं ते झोंबत, आणि एक दुसऱ्यास चीत करी. मीं सर्व वर्गादेखत ते कोपरे फाडले. त्या मुलानें त्यानंतर वहींत कधीं कांहीं काढलें नाहीं, आणि इतिहासहि त्याचा सुधारला नाहीं. मीं काय फाडलें, हें त्या चाळीस सेकंदांच्या चित्रानें मला दाखविलें.

म्हणून शेजाऱ्यांना मीं इतकेंच सुचविलें, कीं परीक्षेपर्यंत दिवसाचा एक तास या कामास द्यावा, अधिक नको. या खेळांतील रक्तपात आणि स्त्रीपात्रांचे उत्तान वेष यांविषयीं वडिलांनीं स्वतः शेजारीं बसून बोलावें. नुसत्या मनाईनें तें साधणार नाहीं. आणि मुलास सांगितलें, "वीर ज्यांचे आहेत, त्यांचें नांव चित्राच्या आरंभीं लिही. पैसा मागूं नकोस. आणि हें पुरें झालें, कीं पुढच्या चित्रांत एक वीर तरी तुझा स्वतःचा असूं दे."

तो म्हणाला, "गुरुजी, तो कसा लढेल हें अजून ठरलें नाहीं, पण त्याचें नांव ठरलें आहे."