आधी दाते मोजा, मग डवरा जोडा
मोटारसायकलीच्या डवऱ्याचा क्लच का जळतो आणि उपाय कुठे आहे

समुद्रपूर : पेरणी आटोपते, पऱ्हाटी चार-सहा पानांवर येते आणि तिच्यासोबत तणही डोके वर काढते. पाऊस उघडून काळी जमीन वाफशावर आली की डवरणीसाठी हातात मोजके दिवस असतात. आज ओल जास्त म्हणून पास चालत नाही आणि चार दिवसांनी ढग पुन्हा भरून येतात. तेवढ्यात वावर डवरून झाले तर ठीक, नाही तर निंदणाच्या मजुरीने कास्तकाराचे कंबरडे मोडते.

पूर्वी हे काम बैलजोडीचे होते. आता गिरड, नांदोरी, मांडगावकडे अनेक घरी पोळ्याला तोरणाखाली उभी करायला स्वतःची जोडी उरलेली नाही. जोडीची किंमत, वर्षभराचा चारा आणि राखणारा माणूस यांचा हिशेब लहान कास्तकाराला जुळत नाही. ट्रॅक्टर पेरणीला येतो, पण उभ्या पिकाच्या तासातून तो कसा फिरणार? म्हणून जुनी मोटारसायकल घ्यायची, मागे डवरा जोडायचा आणि तासातून चालवायची, ही युक्ती विदर्भात ठिकठिकाणी दिसते.

युक्ती नवी नाही. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलीचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा आस आणि अवजारांची दांडी बसवली. तिकडे बैलांच्या अवजाराला 'सांती' म्हणतात, म्हणून यंत्राचे नाव पडले 'बुलेट सांती'. दुष्काळात बैल राखणे जड जात होते, त्यातून ही सोय निघाली.

आपल्याकडे मात्र गाडी डवऱ्याला जुंपली की दोन-चार दिवसांत गॅरेजात तक्रार येते, "भाऊ, क्लच जळते काहून?" मिस्त्री नवीन क्लच प्लेटा टाकून देतो. आठवड्याने गाडी पुन्हा दारात उभी. दोष प्लेटांचा नसतो. दोष गाडीच्या चालीचा असतो, आणि ती चाल ठरते साखळीच्या दोन दातेरी चाकांवर. ह्या चाकांना कुणी सॉकेट म्हणतात, कुणी गरारी.

ताकद आहे, पण घाईची

१०० सीसीच्या गाडीचे इंजिन सात-साडेसात अश्वशक्तीचे असते. बैलजोडीची सतत कामाची ताकद धरली तर ती जेमतेम एक अश्वशक्ती भरते. म्हणजे गाडीत ताकद कमी नाही, पण ती रस्त्यावर पळण्यासाठी बसवलेली आहे. बैल ताशी अडीच-तीन किलोमीटर चालतो. गाडी पहिल्या गिअरमध्येही त्याच्या दुपटीहून जास्त पळू पाहते. डवरा धरणारा माणूस तेवढे धावू शकत नाही, आणि पासही रोपे उडवत जाते. मग चालवणारा क्लच अर्धा दाबून गाडी हळू करतो. अर्धा दाबलेला क्लच म्हणजे प्लेटा एकमेकींवर घासत राहणार, तापणार आणि जळणार. वेग क्लचवर नाही, साखळीवर कमी केला पाहिजे.

हे गणित वर्ध्याच्या माणसाला नवे नाही. मगनवाडीत १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयात चरखे मांडलेले आहेत, ते एकदा ह्या नजरेने पाहावेत. चरख्याचे मोठे चाक एकदा फिरले की बारीक चाती कितीतरी वेळा फिरते. पेटी चरख्यात तर मोठे चाक लहान चाकाला आणि ते चाक चातीला फिरवते, म्हणजे वेग दोन टप्प्यांत वाढतो. आपल्याला नेमके उलट करायचे आहे. लहान चाकाने मोठे फिरवले की वेग घटतो आणि ओढ वाढते.

हिशेब बोटांवर

समजा, पुढच्या गरारीला १४ दाते आहेत आणि मागच्या चाकाला ४२. ४२ ला १४ ने भागले की ३ येतात. पुढची तीन वेळा फिरते तेव्हा मागचे चाक एकदा फिरते. आकडा ३ वरून ४ केला तर वेग पाव हिश्शाने कमी होतो आणि ओढ एकतृतीयांशाने वाढते. प्रत्येक गाडीचे दाते वेगळे असू शकतात, म्हणून आपल्या गाडीचे स्वतः मोजावेत.

पुढचा एक दाता कमी करणे म्हणजे मागचे सुमारे तीन दाते वाढवणे. १४ चे १३ केले तर आकडा ३.२३ होतो, आणि १४ तसेच ठेवून मागे ४२ चे ४५ केले तरी ३.२१ होतो. पुढची गरारी बदलणे स्वस्त असते, म्हणून आधी तिकडेच हात जातो. पण ती फार लहान केली तर साखळी तिच्यावरून जास्त वाकते आणि दाते नि साखळी दोन्ही लवकर झिजतात. १२ दात्यांच्या खाली न गेलेले बरे.

आता वावरातले माप घ्या. दोन खुंट्यांत ३० मीटर अंतर मोजा. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, एकसारख्या रेसवर चालवा आणि घड्याळ पाहा. १५ सेकंद लागले तर वेग ताशी ७.२ किलोमीटर झाला. माणसाच्या चालीने ३० सेकंद लागायला हवेत. म्हणजे वेग निम्मा, आणि आकडा ३ ऐवजी ६ हवा.

नुसत्या गराऱ्या बदलून ६ गाठता येत नाही. १४ ला ६ ने गुणले तर मागे ८४ दाते लागतील. अर्धा इंच पिचच्या साखळीला असे चाक साडेतेरा इंच व्यासाचे होते. ते मातीला आणि तणाला टेकेल. पुढे १२ आणि मागे ५२ केले तर आकडा ४.३३ होतो आणि वेग ताशी पाच किलोमीटरवर येतो. हलक्या जमिनीत कदाचित भागेल, काळ्या जमिनीत क्लच पुन्हा अर्धा दाबावा लागेल.

खरा उपाय मधल्या आसाचा आहे. इंजिनाच्या १४ दात्यांवरून साखळी मधल्या आसाच्या २८ वर आणायची. त्याच आसावर दुसरी १४ ची गरारी बसवून तिच्यावरून दुसरी साखळी मागच्या ४२ वर न्यायची. दोनला तीनने गुणले की सहा. हाच उलटा पेटी चरखा. मात्र आस दोन्ही बाजूंनी बेअरिंगवर पक्का हवा. नुसत्या वेल्डिंगच्या पट्टीवर टांगलेला आस ओढ पडताच वाकतो.

चाक विसरू नका

अनेकांचा हिशेब चाकापाशी चुकतो. गाडीचा टायर काळ्या मातीत घसरतो म्हणून पात्या लावलेले लोखंडी चाक बसवतात, आणि ते हमखास मोठे असते. ६० सेंटिमीटरऐवजी ७५ सेंटिमीटरचे चाक आले की वेग पुन्हा सव्वापट होतो. मग ६ चा आकडा पुरत नाही, साडेसात लागतो. म्हणून चाक आधी ठरवा, दाते नंतर.

साखळी जोडताना दोन्ही गराऱ्या एका रेषेत आहेत का, हे दोरी धरून पाहावे. मागे दोन दाते वाढले की साखळीत साधारण एक कडी वाढते. जुनी साखळी नव्या गरारीवर टाकू नये, ती नवे दाते खाते. मधोमध दोन-अडीच सेंटिमीटर ढील ठेवावी, आणि जोडकडीच्या क्लिपची बंद बाजू साखळी जाते त्या दिशेला ठेवावी. आणखी एक गोष्ट, हळू चालणाऱ्या गाडीच्या इंजिनाला वारा लागत नाही. थोड्या थोड्या वेळाने गाडी थांबवून थंड होऊ द्यावी आणि रोज सकाळी ऑइल पाहावे.

घरची एकच गाडी असेल तर

हा सगळा खटाटोप वेगळ्या, जुन्या गाडीवर करावा. आकडा ३ चा ६ केला की त्याच रेसवर ६० चा वेग ३० वर येतो. ती गाडी जाम चौरस्त्यावरून हिंगणघाटला न्यायच्या कामाची राहत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. अशी गाडी रस्त्यावर अपघातात सापडली तर विम्याचा दावाही अडू शकतो. बदललेले यंत्र धुऱ्याच्या आतच ठेवावे.

आणि साखळीवर पत्रा हवाच. उघड्या साखळीत धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा बोट जायला क्षण पुरतो. गाडी बंद केल्याशिवाय साखळीला ग्रीस लावू नये, आणि डवरणी चालू असताना लेकराला टाकीवर बसवू नये.

क्लच प्लेटांचा खर्च एकवेळ निघतो, वाफशाचे गेलेले दिवस परत येत नाहीत. म्हणून कास्तकार बंधूंनी पुढच्या हंगामाची वाट पाहू नये. उन्हाळ्यात वावर मोकळे असतानाच ३० मीटरवर गाडी चालवून वेळ मोजावी, दाते मोजावेत, आणि हिशेबाचा कागद खिशात ठेवूनच मिस्त्रीकडे जावे. "बसवून दे ना जी कोन्तीबी गरारी" असे म्हणणारा पुन्हा क्लच प्लेटाच घेऊन घरी येतो.