बॅटरी उलटी लावताना

जुन्या एमजीबी या स्पोर्ट्स कारची बॅटरी शोधायला बॉनेट उघडून उपयोग नाही. सीटमागचा गालिचा उचलायचा. खाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, मालिकेत जोडून बारा व्होल्ट केलेल्या. १९६२ साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली, तेव्हा बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांची तीच रीत. त्याने गंज कमी चढतो, असं सांगितलं जाई. १९६७च्या अखेरीस तिची मार्क टू आवृत्ती आली, तिच्यात डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसला आणि बॉडीला मायनस आला.

आज जुन्या एमजीबीत आधुनिक रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं, तर बॉडीला मायनस लागतो आणि बॅटरी फिरवण्याची वेळ येते. ऐकताना धास्ती वाटते, पण गाडीतल्या बऱ्याचशा वस्तूंना प्लस-मायनसशी देणंघेणंच नसतं. दिवे, हॉर्न तसेच चालतात. सेल्फ उलटा फिरेल असं वाटतं, पण फील्ड आणि आर्मेचर दोन्हींतला प्रवाह एकदमच पालटतो, त्यामुळे तो पहिल्यासारखाच फिरतो.

खरी गंमत डायनॅमोची. त्याच्या लोखंडी पोलमध्ये थोडंसं चुंबकत्व मुरलेलं असतं. इंजिन सुरू होताच पहिली वीज त्याच्याच जोरावर तयार होते, आणि प्लस कुठला, मायनस कुठला हेही तेच ठरवतं. म्हणून नुसती बॅटरी उलटवली, तर डायनॅमो जुन्याच वळणाने चालत राहतो. त्यावरचा उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे. डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढायच्या, बॅटरी नव्या पद्धतीने जोडायची आणि तिच्या प्लसकडून आणलेली वायर ‘एफ’ टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवायची. बारीक ठिणग्या उडतात. वर्षानुवर्षं मुरलेलं वळण तेवढ्यात फिरतं! मग वायरी होत्या तशा लावायच्या.

इग्निशन कॉइलच्या दोन बारीक वायरींची मात्र अदलाबदल हवी. प्लगचं मधलं टोक तापलेलं असतं, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून ते टोक मायनसच राहायला हवं. ही अदलाबदल विसरली तरी गाडी चालते, फक्त ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. चालते म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्यात किचकट काम टॅकोमीटरचं. १९६४च्या अखेरीपासूनच्या गाड्यांत तो ट्रान्झिस्टरवर चालतो. तो उघडून आतली जोडणी बदलावी लागते, आणि हे काम बॅटरी जोडण्याआधीच व्हायला हवं. डायोड बसवलेला पेट्रोलपंप असेल, तर तोही आधी तपासायचा.

शेवटी उरतात बॅटरीचे क्लॅम्प. प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो, त्यामुळे जुने क्लॅम्प अदलाबदल करून नीट बसत नाहीत. काहीजण सरळ कानस घेऊन खांबच घासतात. मला हे पटत नाही. नवे क्लॅम्प आणावेत. सीटमागे, अंधारात हात घालून बॅटरी बदलणाऱ्या पुढच्या मेकॅनिकला चूक कळायची, ती त्या जाडीवरूनच.