गृहसंगीत-सर्व्हर आणि बिनतारी यूएसबी जोडणी

संत नामदेवांच्या नरसीमुळे ओळखल्या जाणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात अभंगगायनाच्या जुन्या कॅसेट जपणारी घरे असणे स्वाभाविक आहे. फीत झिजण्यापूर्वी हे गायन संगणकावर उतरवून घेतले, की तोच घरचा संगीत-सर्व्हर होतो. मात्र संगणक आतल्या खोलीत, ॲम्प्लिफायर बैठकीत आणि यूएसबी २.० च्या तारेची मर्यादा अवघी ५ मीटर!

ही मर्यादा मुख्यतः वेळेची आहे. प्रत्येक संदेशाचे उत्तर संगणकास ठरावीक अवधीतच हवे असते. तार लांबली की उत्तरास उशीर होतो. ध्वनिप्रवाहातील हरवलेला तुकडा तर यूएसबी पुन्हा पाठवीतच नाही. तेथे खरखर उमटते. त्यामुळे दगडमातीच्या जाड भिंतींआड बिनतारी एक्स्टेंडरचा भरवसा धरता येत नाही. वायरलेस यूएसबीच्या २००५ च्या मानकातही वेग ३ मीटरवर सेकंदाला ४८० मेगाबिट, तर १० मीटरवर ११० मेगाबिट होता. ते बाजारात टिकले नाही.

वस्तुतः सीडीच्या दर्जाच्या ध्वनीस सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट पुरतात. गरज वेगाची नसून उसंतीची आहे. म्हणून ॲम्प्लिफायरजवळ रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक ठेवावा, ध्वनी-परिवर्तक त्यास हातभर यूएसबी तारेने जोडावा आणि सर्व्हरवरील ध्वनी वाय-फायने आणावा. हा संगणक काही सेकंदांचा ध्वनी आधीच साठवतो. हरवलेला तुकडा वाय-फायवरून पुन्हा मागवता येतो. भिंती जाड असल्यास ५ पेक्षा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सोयीचा. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा, हे येथे वेगळे सांगणे नलगे.